डावा कौल

सहदेव गुरवाला माणसांची किळस यायची. गुरव म्हटला की गोड बोलणारा, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. हा तसला नव्हता. डोंबिवलीहून ठाकुर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गावदेवीचं लहानसं कौलारू देऊळ होतं. तिथे तो तीस वर्षं पूजा करत होता, आणि पायरी चढून येणाऱ्यांबद्दलचं त्याचं मत दरवर्षी थोडं थोडं घसरतच गेलं होतं. कोणी सख्ख्या भावाचं वाटोळं मागायला यायचा. कोणी सुनेला मूल होऊ नये म्हणून नारळ ठेवायची आणि बाहेर येऊन त्याच सुनेच्या पाठीवरून हात फिरवायची. किडका नारळ देवीपुढे फोडून चांगला पिशवीतून घरी नेणारे तर किती होते याची गणतीच नव्हती. सहदेव घरी आला की आधी हातपाय धुवायचा, मग बायकोला, रखमाबाईला, आज कोण आलं होतं आणि काय मागून गेलं ते सांगायचा आणि शेवटी एकच शब्द बोलायचा, "शी."

या सगळ्या बरबटीत त्याच्या मते एकच गोष्ट स्वच्छ होती, ती म्हणजे देवीचा कौल. सहदेव मूळचा राजापूरकडचा. कौल लावायचं त्याच्या घरात सात पिढ्या चालत आलेलं. तगरीच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन खांद्यांवर चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघत बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधी पाच मिनिटांत निकाल लागायचा, कधी दोन तास लागायचे. सहदेव त्या दिवशी उपाशी राहायचा. दोन्ही पाकळ्या एकाच फुलाच्या घ्यायचा, एकाच वाटीत भिजवायचा आणि एकाच बोटाने लावायचा. कौल फिरवणारे गुरव असतात हे त्याला ठाऊक होतं. एका खांद्यावर पाणी जास्त लावायचं, दुसऱ्यावर बोट दाबून धरायचं, सोपं काम असतं ते. एकोणीसशे एकोणपन्नास साली एक वीटभट्टीवाला तसली विनंती घेऊन आला होता. सहदेवाने त्याची चप्पल उचलून रस्त्यावर फेकली आणि मागोमाग त्यालाही जायला सांगितलं. देवीच्या तोंडी आपला शब्द घालणारा माणूस त्याच्या लेखी कुत्र्याच्याही खालचा होता.

स्वातंत्र्यानंतर डोंबिवलीत सचिवालयातले, बँकांतले लोक येऊन घरं बांधायला लागले आणि चार वर्षांत देवळाला समिती आली. अध्यक्ष होते गुरुदत्तराव उकिडवे, सचिवालयात मोठ्या हुद्द्यावर. गृहस्थ शिकलेला, बोलायला बसला की ऐकत राहावं असा. गणेशोत्सवात शाळेच्या पटांगणावर त्यांचं व्याख्यान ठरलेलं असे. विषयही ठरलेला: बुद्धी, सत्य आणि चारित्र्य. माणसाने प्रत्येक गोष्ट बुद्धीच्या कसोटीवर घासून घ्यावी, असं ते दोन तास सांगायचे आणि लोक माना डोलवायचे. सहदेवालाही ते पटायचं. इतकी सगळी घाण बघितल्यावर निदान एक माणूस तरी सत्य हा शब्द मोठ्याने उच्चारतो आहे, याचंच त्याला बरं वाटायचं. कौलावर रावसाहेबांचा विश्वास नव्हता. पण लोकांना धाक राहतो, असू दे, असं ते हसून म्हणत.

छप्पन सालच्या अक्षय्य तृतीयेला गुरुदत्तरावांनी वडिलांच्या स्मरणार्थ देवळाला विजेचा पंखा दिला. उंच दांडीवरचा, मान फिरवणारा. मान फिरवणं दुसऱ्याच दिवशी बंद पडलं, आणि पंखा गाभाऱ्याच्या दारातल्या ज्या कोपऱ्यात उभा केला होता तिथून देवीच्या डाव्या अंगाकडेच वारा मारत राहिला. बुडाशी लाल रंगात वडिलांचं नाव आणि त्याहून मोठ्या अक्षरांत गुरुदत्तरावांचं. देवीला तीस वर्षांत घाम आला नव्हता. आरतीच्या वेळी देवीच्या डाव्या बाजूला बसणाऱ्या अध्यक्षांना येत होता.

त्याच आठवड्यात उकिडव्यांच्या घरातल्या मोत्यांच्या कुड्या हरवल्याची बातमी फुटली. गुरुदत्तरावांच्या बायकोने, सरोजबाईंनी, चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्या घातल्या होत्या, त्यानंतर त्या कोणाला दिसल्या नाहीत. त्यांची लेक उत्तरा बाळंतपणाला आलेली. तिला आणि बाळाला न्हाऊ घालायला कलावती येत असे. कलावती साताऱ्याकडची, नवरा ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसमध्ये कोळसा ओढता ओढता छाती भरून गेला, तेव्हापासून बाळंतिणी आणि तान्ही मुलं हेच तिचं पोट. बाळाला पायांवर घेऊन ती तेल चोळायला बसली की रडकं मूलही डोळे मिटून घ्यायचं. या कामात बाई थेट आतल्या खोलीपर्यंत जाते. दागिने उशाशी काढून ठेवलेले असतात, आई अर्धवट झोपेत असते. तिच्यावर विश्वास असेल तर चार घरं मिळतात, नसेल तर एकही मिळत नाही. संशय तिच्यावर गेला, कारण त्या घरात आतपर्यंत येणारी गरीब बाई तेवढी एकच होती.

दारात पोलीस नकोत, घराची शोभा होते, असं गुरुदत्तराव म्हणाले. मग आता काय करायचं? बुद्धीच्या कसोटीवर दोन तास बोलणाऱ्या त्या गृहस्थाने कौल लावायचं ठरवलं. निर्दोष असेल तर सुटेल, असं वर तिलाच समजावलं. कलावतीने मान हलवली. तिचा देवीवर विश्वास होता आणि आपण काही घेतलेलं नाही हे तिला ठाऊक होतं, मग भ्यायची कशाला?

शनिवारी सकाळी निम्मी आळी देवळात गोळा झाली. उकाडा मरणाचा होता. सहदेवाने उपाशीपोटी, नियमाने सगळं केलं. एक फूल, एक वाटी, एक बोट. ही बाई निर्मळ असेल तर उजवी दे माये, चोर असेल तर डावी दे, असं गाऱ्हाणं घातलं. पंखा घरघरत होता. समईची ज्योत एका बाजूला वाकून फडफडत होती. तेव्हा कलावती हळूच म्हणाली की गुरवभाऊ, तेवढा वारा बंद करा. सहदेवाने मागे वळून तिच्याकडे पाहिलं आणि गप बसायला सांगितलं. त्याच्या मनात त्या क्षणी काय आलं ते त्यालाच ठाऊक, पण त्याच्या तोंडावर जे आलं ते सगळ्यांनी पाहिलं. पावणेचार मिनिटांत डावी पाकळी गळून खाली पडली.

पुढे सांगायला फारसं काही नाही. कुड्या कुठे विकल्यास, एवढंच लोक विचारत राहिले आणि ती नाही म्हणत राहिली. त्याच संध्याकाळी तिची तीन घरं सुटली, आठवड्यात उरलेली सुटली. जोशांच्या सुनेचं बाळ सहा महिन्यांचं होतं. कलावती दिसली की ते हात पुढे करायचं, तेव्हा त्याच्या आजीने ओट्यावर पडदाच लावून घेतला. देवीनेच सांगितलं म्हटल्यावर कोणाला विचार करायची गरजच उरली नाही. सहदेवाला तिची फार चीड आली होती. देवीपुढे उभी राहून खोटं बोलली, आणि डोळ्यांत पाणी आणून बोलली, हे त्याला सहनच होईना. आषाढात त्याची स्वतःची लेक वासंती बाळंत झाली. कलावती मागच्या दाराने आली आणि फुकट न्हाऊ घालते म्हणाली. रखमाबाई तिला आत घेणार होती. सहदेव उठून दारात उभा राहिला आणि हा उंबरा ओलांडायचा नाही असं त्याने तिला सांगितलं. ती आली तशी मागच्या दाराने गेली.

भाद्रपदात गौरी आल्या. गौरींना तेरडा लागतो, तो समितीतल्या लोकांच्या घरी पोचवायचं काम सहदेवाचं होतं. भारा काखेत मारून तो उकिडव्यांच्या ओसरीवर गेला. सरोजबाई वर्षातून दोनदा निघणारा जांभळा शालू नेसून बाहेर आल्या. त्यांच्या कानांत मोत्यांच्या कुड्या होत्या.

त्यांनी चटकन पदर कानांवर ओढला. पण तीस वर्षं माणसांचे हात आणि चेहरे वाचणाऱ्या गुरवापासून काही लपलं नाही. गुरुदत्तरावांनी त्याला ओसरीच्या टोकाला नेलं. हळदीकुंकवाच्या रात्री सरोजबाईंनी कुड्या काढून शालूच्या पदराला गाठ मारली होती, शालू घडी करून पेटीत टाकला होता. परवा पेटी उघडली आणि गाठ हाताला लागली. एवढंच. त्यात लपवण्यासारखं काय होतं? चूक माणसाच्या हातून होते, चार लोकांत सांगायची आणि त्या बाईच्या पाया पडायचं. सहदेवाला वाटलं रावसाहेब हेच म्हणणार.

गुरुदत्तराव म्हणाले, "हे बघ सहदेवा, ही गोष्ट इथेच राहू दे. कौल खोटा पडला असं झालं तर लोकांची श्रद्धा मोडेल. माझं सोड, मी ते काही मानत नाही. पण अडाणी समाजाला आधार लागतो. एका बाईसाठी आपण तो काढून घ्यायचा का?"

सहदेवाने विचारलं, "आणि तिचं काय, रावसाहेब?"

"तिला गौरीची साडी पाठवू आपण. पेढे घे."

पेढे घेतले नाहीत तर अपमान होईल म्हणून सहदेवाने एक पेढा हातात घेतला आणि बाहेर येऊन गटारात टाकला. रस्त्यावर उभा राहून तो थुंकला. ज्या माणसाच्या तोंडी सत्य हा शब्द ऐकून आपल्याला बरं वाटायचं, त्याच्या शब्दाशब्दाची त्याला आता ओकारी येत होती. देव मानत नाही, पण देवाचं नाव राखायला एका बाईला चोर ठेवतो. यापेक्षा भावाचं वाटोळं मागणारा बरा, तो निदान देवीपुढे उघडपणे मागतो.

पण रावसाहेबांची चीड आली म्हणून त्याचा स्वतःचा प्रश्न सुटत नव्हता. कलावती निर्मळ होती आणि डावी पाकळी पडली होती. मग देवी खोटं बोलली? बोट तर आपलं स्वच्छ होतं. दोन दिवस तो हेच रखमाबाईला विचारत राहिला. रखमाबाई म्हणाली, डोकं चालवा. आता या बाईला कोण सांगणार की डोकं चालवायचं असतं तर माणूस गुरव कशाला होतो? पण त्याने चालवलं. दुपारी देऊळ बंद असायचं तेव्हा तो आत बसला, दाराला आतून कडी घातली, आणि ज्याचं उत्तर त्याला पक्कं ठाऊक होतं तेच देवीला विचारलं. मी सहदेव आहे ना? असेन तर उजवी दे. पंखा चालू होता. डावी पडली. पुन्हा लावल्या. डावी. सहा वेळा लावल्या आणि सहाही वेळा डावीच, चार-पाच मिनिटांच्या आत. वारा त्या अंगाची ओल चाटून घेत होता आणि पाकळी सुटत होती. समईची वाकलेली ज्योत समोर होती. एवढं कळायला ना व्याख्यान लागत होतं ना शिक्षण. त्या दिवशी एका बाईने ते तोंडाने सांगितलंही होतं.

इथेच तो थांबला असता तर त्याचं आयुष्य सोपं गेलं असतं. दोष पंख्याचा, देवी निर्दोष, गुरव निर्दोष, नारळ फोडून मोकळं व्हायचं. पण खोटं सहन न होणाऱ्या माणसाची हीच खोड असते, अर्ध्यावर त्याला राहवत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पंखा बंद केला आणि तोच प्रश्न विचारला. उजवी पडली. त्याला रडूच आलं. मग खात्री करायला पुन्हा लावली, आणि डावी पडली. तीन दुपारी मिळून त्याने एकवीस वेळा देवीला आपलं नाव विचारलं. अकरा वेळा तो सहदेव निघाला आणि दहा वेळा नाही. शेवटची पाकळी उचलून तो तिथेच बसून राहिला. किती लग्नं मोडली होती या पाकळ्यांनी, किती माणसं गाव सोडून गेली होती, आणि आपण दरवेळी उपाशी राहून, बोट धुऊन, स्वच्छ मनाने ते केलं होतं. त्या स्वच्छ मनाचीच त्याला शिसारी आली.

घटस्थापनेच्या सकाळी देऊळ भरलं होतं. आरती संपल्यावर सहदेव गाभाऱ्याच्या दारात उभा राहिला. तो काही बोलणारा माणूस नव्हे. त्याने सरळ सांगितलं की कुड्या उकिडव्यांच्या शालूत सापडल्या आहेत, कलावतीने काही घेतलेलं नाही, कौल चुकीचा होता, आणि आजपासून या देवळात मी कौल लावणार नाही. पंखा लावून दाखवतो, ज्याला बघायचं त्याने पुढे यावं, असंही तो म्हणाला. कोणी पुढे आलं नाही. सगळे गुरुदत्तरावांकडे बघत होते.

गुरुदत्तराव उठले, आणि त्यांच्या तोंडावर जराही रेघ उमटली नाही. कुड्या सापडल्या हे खरं आहे, ते म्हणाले. पण त्या पेटीत आल्या कशा? मे महिन्यात आम्ही घर धुंडाळलं तेव्हा नव्हत्या. देवीचा कौल झाला, बाईच्या मनात भीती भरली, आणि तिने कशा तरी परत आणून ठेवल्या. यात कौल खोटा कुठे ठरतो? उलट देवीची प्रचीतीच आली.

काय सुटकेचा निःश्वास टाकला त्या लोकांनी! म्हाताऱ्या बायकांनी कानशिलांवर बोटं मोडली. कोणी तरी देवीचा जयजयकार केला. कलावतीने आत शिरून बंद पेटीतला शालू उलगडून पदराला गाठ कधी मारली, हा साधा प्रश्न शंभर डोक्यांपैकी एकाही डोक्यात आला नाही, किंवा आला असेल तर तो तिथेच दाबला गेला. सरोजबाई पुढच्या रांगेत होत्या. गाठ आपणच मारली हे त्यांना ठाऊक होतं. त्या खाली मान घालून प्रसादाचं ताट सारखं करत राहिल्या. सहदेवाने त्यांच्याकडे पाहिलं, अर्धा क्षण वाटलं बोलतील. त्यांनी प्रसाद वाटायला सुरुवात केली.

त्याच दुपारी समितीने त्याच्याकडून किल्ल्या घेतल्या. कळव्याहून दुसरा गुरव आणला, हसऱ्या चेहऱ्याचा.

सहदेव तिसऱ्या दिवशी कलावतीकडे गेला. पॉवर हाऊसमागे राखेचे ढीग पडायचे. त्यातला अर्धवट जळलेला कोळसा वेचून विकायचं काम ती आता करत होती. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. त्या हातांत कोणी मूल दिलं नसतं, आणि कोणी विचारणारही नव्हतं. सहदेवाने चप्पल बाजूला काढली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. शालूतली गाठ, पंखा, डाव्या अंगाचा वारा, देवळात आपण चारचौघांत बोललो ते, किल्ल्या गेल्या ते. पंख्यामुळे झालं, हे त्याने दोनदा सांगितलं. आपण बोट स्वच्छ ठेवलं होतं, हेही सांगितलं. तिने वेचणं थांबवलं नाही.

सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "पंखा त्यांचा व्हता. म्या वारा बंद करा म्हनलं, तवा माज्याकडं वळून कोनी बघितलं, गुरवभाऊ?"

कलावतीने एक कोळसा उचलून टोपलीत टाकला.

"तुमी बघितलं. पाकळी तवा वरच व्हती. खरं सांगा, तुमी कदी खोटं बोलत न्हाई म्हंत्यात. ती पडायच्या आदीच म्या चोर व्हते ना तुमच्या मनात?"

आयुष्यभर त्याने इतरांच्या तोंडातलं खोटं ओळखलं होतं. आता खोटं बोलायची वेळ त्याची होती. फक्त नाही म्हणायचं होतं. वाराही नव्हता, पाकळीही नव्हती आणि ऐकायला दुसरं कोणी नव्हतं.

"हो," सहदेव म्हणाला.

कलावतीने मान हलवली. त्या शनिवारी कौलाला हो म्हणताना हलवली होती, तशीच. मग टोपली डोक्यावर घेऊन ती ढिगाच्या पलीकडे गेली. सहदेव रेल्वेच्या नळावर आला. घरी जायच्या आधी हात धुवायची त्याची सवय होती. तो बराच वेळ हात धूत राहिला, आणि राखेला तर त्याने हातही लावला नव्हता.